अकरा महिन्यांच्या बछेरीचा खुराक : आधी कोंडा कमी करा, मग पोत्याचं बघू

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सारंगखेड्याच्या यात्रेतून डिसेंबरात मारवाडी जातीची बछेरी, म्हणजे घोडीचं मादी पिल्लू, आणली, आता ११ महिन्यांची झाली, सिन्नरजवळ मळ्यात बांधलेली असते, रोज २ किलो गव्हाचा कोंडा, १ किलो भिजवलेला हरभरा, १ किलो मक्याचा भरडा आणि गाईंसाठी लावलेलं नेपियर गवत पोटभर. तरी बरगड्या दिसतात, पोट मात्र सुटलंय, आणि गेल्या महिन्यापासून पुढच्या दोन्ही गुडघ्यांच्या जरा वर हाड जाड झाल्यासारखं वाटतंय. तुम्ही विचारलंय की कोणत्या कंपनीचं रेडीमेड फीड चालू करू, आणि दूध-तूप द्यायचं का.

फीडचं नंतर सांगतो. आधी त्या गुडघ्यांचं, कारण सगळा घोळ तिथे दिसतोय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजोबांचे टांगे होते, नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी. वडिलांनी टांगे बंद झाल्यावर वरातीच्या घोड्या ठेवल्या. मी आता आडगावच्या बाजूला ९ घोडी सांभाळतो, त्यात दरवर्षी दोन-तीन शिंगरं असतातच. तीसेक वर्षांत शिंगरांच्या खुराकात करता येतील त्या बहुतेक चुका स्वतः करून झाल्यात, म्हणून सांगतोय.

गुडघ्याच्या वर जे जाड लागतंय तिथे हाडाची वाढ होणारी पट्टी असते, ती दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी असते म्हणजे तिथे नवं हाड तयार होत असतं. आठ महिने ते दोन वर्षं या वयात खुराकाचं गणित चुकलं की पहिली खूण बऱ्याचदा इथेच दिसते. तरी डॉक्टरांना एकदा दाखवा, हात लावून गरम आहे का, दाबल्यावर दुखतंय का, एका पायाला जास्त आहे का हे त्यांनी बघितलं पाहिजे, गरज वाटली तर ते एक्सरे सांगतील. लंगडत असेल तर उद्याच दाखवा, माझं हे सगळं वाचून होईपर्यंतही थांबू नका. पण डॉक्टरांनी औषध दिलं आणि खुराक तोच राहिला तर दोन महिन्यांनी परत तिथेच याल.

आता हिशोब बघा. ११-१२ महिन्यांच्या मारवाडी शिंगराला, जे मोठं होऊन साडेतीनशे-पावणेचारशे किलोचं होणार आहे, त्याला दिवसाला साधारण २८ ते ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि १५-१६ ग्रॅम फॉस्फरस. म्हणजे कॅल्शियम पावणेदोन-दोन पट. हे प्रमाण उलटं झालं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडातून काढायला लागतं. आता तुमचा कोंडा. १ किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस ११ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम. तुम्ही २ किलो घालताय, म्हणजे २२ ग्रॅम फॉस्फरस एकट्या कोंड्यातूनच गेला. हरभऱ्याचा ४, मक्याचा ३, नेपियरचा ४-५. झाले ३३. आणि कॅल्शियम? कोंडा, हरभरा, मका तिन्ही मिळून ५ ग्रॅमही भरत नाही. उरलं नेपियर, त्यातून कागदावर ५-६ ग्रॅम येतात, पण ते कागदावरच राहतात, का ते सांगतो.

नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं. हे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं आणि ते कॅल्शियम घोड्याच्या आतड्यातून आत न जाता लिदीतून बाहेर पडतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू हळूहळू सवयीने बरंचसं ऑक्झलेट फोडतात म्हणून त्यांना नेपियर पचतं, घोड्याचं पोट तसं नाही, त्याचं कॅल्शियम पुढच्या आतड्यातच शोषलं जातं आणि जिवाणूंचं काम मागे मोठ्या आतड्यात चालतं, तोवर वेळ निघून गेलेली असते. निफाडकडचे जुने लोक उसाचं वाढं जनावरांना घालताना त्यावर चुन्याची निवळी शिंपडायचे ते याच कारणाने, वाढ्यातही ऑक्झलेट भरपूर. त्यांना ऑक्झलेट हा शब्द माहीत नव्हता पण वाढं खाऊन गाय कमी पडते हे माहीत होतं. घोड्याला मात्र निवळी शिंपडून वाढं घालायच्या भानगडीत पडू नका, सरळ घालूच नका.

म्हणजे थोडक्यात तुमची बछेरी दोन्हीकडून लुटली जातेय, वरून फॉस्फरसचा मारा आणि खालून कॅल्शियमची गळती. आणि तुम्ही तर कौतुकाने खाऊ घालताय. वाईट वाटून घेऊ नका, मी यापेक्षा मोठा गाढवपणा केलाय.

आमच्याकडे एक अबलक शिंगरू होतं, बाप चांगला ६४ इंची, सगळे म्हणायचे हे यात्रेत पैसे करणार. मी त्याला सहा महिन्यांपासून कोंडा आणि बाजरीचा भरडा असा रेटला की कातडी आरशासारखी चमकायची, येणारा जाणारा हात फिरवून जायचा. दीड वर्षाचं झालं आणि तोंड जरा वेगळं दिसायला लागलं, डोळ्यांच्या खाली दोन्ही बाजूंनी हाड फुगलं, आम्हाला वाटलं दाढ येतेय. मग चावायला त्रास, मग चाल आखडली, एक दिवस एक पाय तर दुसऱ्या दिवशी दुसराच. डॉक्टरांनी तोंडावर हात ठेवल्याबरोबर विचारलं, कोंडा किती घालतोस? इंग्रजांच्या काळात पीठगिरण्यांच्या घोड्यांना हा रोग व्हायचा म्हणे, गिरणीत कोंडा फुकट, म्हणून घोड्याला तोच. इंग्रजीत त्याला बिग हेड म्हणतात. शिंगरू वाचलं, पण तोंडाचा आकार परत आला नाही आणि यात्रेला काही गेलं नाही. अजून आहे माझ्याकडे, लहान पोरांना फेरी मारायला.

तर आता काय घालायचं ते.

सगळ्यात आधी वजन काढा, अंदाजाने नाही. शिलाईची टेप घ्या, इंचाची. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, टेप ना ढिली ना आवळून, तिने श्वास सोडला की वाचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत सरळ लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ३०१, उत्तर पौंडात येतं, त्याला ०.४५ ने गुणलं की किलो. हा ३०१ एक वर्षाच्या आसपासच्या शिंगरांसाठी, मोठ्या घोड्याला ३३० धरतात, तो इथे लावू नका नाहीतर वजन कमी येईल. तुम्ही दिलेलं माप घेर ५४ आणि लांबी ५० बरोबर असेल तर साधारण २२० किलो येतं. जातीच्या आणि वयाच्या मानाने थोडी हलकी आहे, पण घाबरण्यासारखी नाही. आणि एक लक्षात घ्या, या वयात शिंगराची उंची मोठेपणीच्या ९० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते पण वजन दोन तृतीयांशच असतं, म्हणजे लांबच लांब पाय आणि चपटं अंग हेच त्याचं खरं रूप. कॉलेजातल्या पोरासारखं. त्याला आत्ताच पैलवान करायला गेलात की कोवळ्या सांध्यावर चरबीचं ओझं पडतं.

२२० किलोला दिवसाला सुकं धरून, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून, साडेपाच किलोच्या आसपास खाणं लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त चारा पाहिजे, चंदी (दाणा) कमी. आपल्याकडे उलटं आहे, चंदी म्हणजे खुराक आणि चारा म्हणजे पोट भरायला काहीतरी, असं डोक्यात बसलंय.

तिचा कणा म्हणजे लसूणघास. आपल्याकडे नुसतं घास म्हणतात, नाशिक-नगर पट्ट्यात मिळायला अडचण नाही, सिन्नरला तर बांधावरच मिळेल. हिरवा ६ किलो रोज. यात साधारण १७ ग्रॅम कॅल्शियम येतं आणि फॉस्फरस फक्त ३, प्रोटीनही चांगलं. तुमच्या खुराकात जे उलटं झालंय ते सरळ करायला याच्याएवढं स्वस्त काही नाही. एकदम ६ किलो टाकू नका, १ किलोपासून सुरू करून दहा दिवसांत वाढवा. सकाळी कापलेला असेल तर सावलीत पसरून दुपारपर्यंत कोमेजू द्या, ओला ढीग लावून ठेवला की आतून गरम होतो, हात घालून बघा, गरम लागला तर तो घोड्याच्या कामाचा नाही. आणि ज्याच्याकडून घेता त्याला विचारा फवारणी कधी झाली. द्राक्षाच्या बागेतलं, ओळींमधलं गवत तर फुकट दिलं तरी घेऊ नका, हंगामात तिथे काय काय मारलेलं असतं ते आपल्याला नाशिकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

जोडीला सुका चारा अडीच किलो. रब्बीच्या शाळूचा कडबा चालेल, कुट्टी करून, पण कुट्टी अगदी बारीक नको, बोटभर ठेवा म्हणजे ती चावते आणि लाळ सुटते. इगतपुरी-त्र्यंबकचं डोंगरी गवत मिळालं तर अजून बरं, मात्र ते दिवाळीच्या आसपास कापलेलं असावं, जानेवारीत कापलेलं म्हणजे नुसती काडी. भारा सोडला की आपटून बघा, पांढरी धूळ उडाली आणि कोंदट वास आला तर परत करा, बुरशीचा चारा घोड्याच्या फुफ्फुसाला आणि पोटाला दोन्हीला वाईट. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खायला नाही. हिरवी कोवळी ज्वारी, फुटवे, कापून परत आलेलं खोडवं हे तर घालूच नका, गाईला किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, ते सगळ्यांना माहीत असतं, घोड्याला त्याच ज्वारीने मागचे पाय लुळे पडून लघवीवरचा ताबा जातो ते फार कमी जणांना माहीत असतं.

आता चंदी. ओटचा दाणा सव्वा किलो, दळून नाही, नुसता चेचून किंवा अख्खा. नाशिकमध्ये किरकोळीत कधी मिळतो कधी नाही, पुण्याहून पोतं मागवावं लागतं, रेसकोर्समुळे तिकडे घोड्याचा माल असतो. नाहीच मिळाला तर जव १ किलो, भरडून आणि भिजवून. हरभरा तुम्ही १ किलो घालताय तो ४०० ग्रॅमवर आणा. हरभरा वाईट नाही, आजोबा सगळ्या घोड्यांना हरभराच घालायचे, पण ते घोडे दिवसाला चाळीस किलोमीटर टांगा ओढायचे, तुमची बछेरी ओढत नाही. भिजवायचा आठ-दहा तास, आणि आता मार्च लागतोय, उन्हाळ्यात रात्री भिजवलेला सकाळी नऊला आंबूस वास मारतो, तो फेकायचा, हळहळत का होईना.

मका पूर्ण बंद करा. मक्यात स्टार्च जास्त, शिंगराच्या वाढत्या हाडाला रक्तातल्या साखरेचे चढउतार मानवत नाहीत, आणि चाळीत किंवा गोणीत दमट राहिलेल्या मक्याला जी बुरशी येते तिच्या विषाने घोड्याचा मेंदू अक्षरशः पातळ होतो. गाय तोच मका खाऊन शांत उभी असते.

स्नायू वाढायला प्रोटीन लागतं हे तुमचं बरोबर आहे, पण कुठलंही प्रोटीन चालत नाही, शिंगराला त्यातला लायसिन हा घटक पाहिजे. त्यासाठी सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, २०० ग्रॅम रोज. बस. निफाड-दिंडोरीकडे सोयाबीन घरोघरी आहे म्हणून कच्चं भरडून घालाल तर पचणार नाही, कच्च्या सोयाबीनमध्येच प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो, भाजलेलं किंवा डीओसी हेच. सरकी पेंड नको, शेंगदाणा पेंड जुनी झाली की तिच्यातही बुरशीचं विष.

कोंडा पाव किलो राहू द्या, तिला चव आवडते आणि त्यात मिनरल मिक्स्चर कालवता येतं. पण २ किलोवरून पाव किलोवर एका रात्रीत नाही, एक दिवसाआड पाव-पाव किलो कमी करत दोन आठवड्यांत. चंदीतला कुठलाही बदल असाच, दहा-चौदा दिवस घेऊन.

मिनरल मिक्स्चर ३० ते ४० ग्रॅम. घोड्याचं वेगळं मिळालं तर उत्तम, नाहीतर जनावरांचंही चालतं पण पाकीट उलटून वाचा, युरिया किंवा मोनेन्सिन (घोड्याला विष, पुढे सांगतो) असलं काही लिहिलेलं असेल तर तिथेच ठेवा. तांबं आणि जस्त यातूनच जातं, कोवळ्या हाडाला आणि सांध्यातल्या कुर्चेला तेही लागतं, ते चाऱ्यातून पुरत नाही.

इथे एक गंमत सांगतो. तुम्ही मेडिकलवर गेलात आणि म्हणालात की घोड्याचं हाड कच्चं आहे, तर तो पटकन डीसीपीची, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटची, पुडी हातात ठेवेल. डीसीपीत कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही भरपूर असतो आणि तुमच्याकडे फॉस्फरस आधीच दुप्पट झालाय. तुम्हाला पाहिजे ती साधी चुनखडीची पावडर, कॅल्शियम कार्बोनेट, खाद्याच्या दर्जाची, रोज २० ग्रॅम, तीही घास पूर्ण ६ किलोवर येईपर्यंतच, नंतर घास आणि मिनरल मिक्स्चरवर भागतं. पानाचा चुना नाही हं, तो तोंड भाजतो. एकाने खरंच घातला होता म्हणून लिहितोय.

हे सगळं जोडलं की कॅल्शियम साधारण ३५ ग्रॅम, फॉस्फरस १९, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर, आणि प्रोटीन साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. पुरेसं आहे.

मोजायचं मात्र तराजूवर. डब्याच्या अंदाजाने नको. एक लिटरचा डबा घेऊन मी एकदा घरात सगळं मोजलं होतं, कोंडा भरला पाव किलो, ओट साडेचारशे ग्रॅम आणि हरभरा पावणेआठशे. डबा तोच. म्हणजे पोराने आज कोंड्याऐवजी हरभऱ्याचा डबा भरला तर तिप्पट गेलं आणि संध्याकाळी कोलिक, म्हणजे पोटशूळ. लटकता काटा दोन-चारशे रुपयांना मिळतो, घेऊन टाका, आणि प्रत्येक वस्तूच्या डब्यावर रंगाने रेघ मारून ठेवा म्हणजे तुम्ही नसताना पण चुकणार नाही.

एका वेळेला चंदी पाऊण किलोच्या आतच. म्हणजे दिवसाचे तीन भाग, आणि प्रत्येक वेळी चंदीच्या आधी अर्धा तास चारा. घोड्याचं पोट लहान, गाईसारखं पोत्याएवढं नाही, एकदम चंदी ओतली तर ती न पचता मागे जाते आणि तिथे आंबते. तोबरा बांधत असाल तर दोरी सैल ठेवा आणि खाऊन झाल्यावर लगेच काढा, मी शिंगरांना तोबरा लावतच नाही, रुंद घमेल्यात दोन मोठे गुळगुळीत दगड ठेवतो, त्यांच्या भोवतीचं वेचत वेचत खाते, सावकाश. पाणी कायम समोर. मिठाचा दगड दावणीला टांगून ठेवा, ती तिच्या मनाने चाटेल.

आता ते सुटलेलं पोट. बरगड्या दिसतात आणि पोट लोंबतं म्हणजे दोन गोष्टी, एक जंत आणि दुसरं म्हणजे नुसत्या जाड चाऱ्याने फुगलेलं गवती पोट. यात्रेतून आणलेल्या शिंगरात जंत असणारच असं धरून चाला, या वयात मोठे पांढरे गोल जंत आतड्यात गच्च भरलेले असू शकतात. ताजी लीद डबीत घालून तपासायला द्या, औषध कोणतं आणि किती ते डॉक्टर वजनावर ठरवतील. जंत फार असतील तर एकदम जोरदार औषधाने मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकतो, म्हणून स्वतःच्या मनाने पाजू नका. जंत गेल्याशिवाय वरचा सगळा खुराक तुम्ही जंतांना घालताय.

दूध-तुपाचं. यात्रेत गेलात की प्रत्येक जण सांगतो आमचा घोडा पाच लिटर दूध पितो, बदाम खातो, गावरान तूप खातो. ऐकायचं आणि चहा प्यायचा. एक लिटर गाईच्या दुधात कॅल्शियम सव्वा ग्रॅम. २ लिटर दूध रोज घातलं तर अडीच ग्रॅम. तेच १ किलो हिरव्या घासात जवळपास तीन ग्रॅम मिळतं. दूध घरच्यांना द्या. तुपाने कातडी चमकते हे खरं, पण तेवढी चमक ५० मिली साध्या गोडेतेलानेही येते, तीही दोन महिन्यांनी, गुडघे सरळ झाल्यावर, आत्ता नको.

रेडीमेड फीडबद्दल माझं मत असं की चांगलं असेल तर वाईट नाही, उलट नोकरी करणाऱ्या माणसाला सोयीचं आहे. पण कंपनीचं नाव बघण्यापेक्षा पोत्यावरची पट्टी बघा. शिंगराचं असेल तर प्रोटीन १४ ते १६ टक्के, कॅल्शियम पाऊण ते एक टक्का, फॉस्फरस त्याच्या निम्म्याच्या आसपास. रेसच्या घोड्याचं फीड वेगळं, ते ताकदीचं असतं, वाढीचं नाही. आणि सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती अशी की महाग पडतं म्हणून अर्धं पोत्यातलं आणि अर्धा कोंडा-मका मिसळतात, म्हणजे कंपनीने जो हिशोब जुळवून दिलाय तो आपण घरी बसून मोडतो, पैसेही जातात. घालायचं तर पोत्यावर लिहिलंय तेवढंच घाला आणि वर फक्त चारा.

आणि गाईची गोळी पेंड किंवा कोंबडीचं खाद्य चुकूनसुद्धा नाही. आपल्याकडे पोल्ट्री गल्लोगल्ली आहेत, खाद्य सांडलेलं असतं, स्वस्तात मिळतं. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घालतात, कोंबडीला ते औषध, घोड्याचं मात्र हृदय आणि स्नायू ते खातं. किलो वजनामागे २-३ मिलिग्रॅम मोनेन्सिन घोड्याला मारायला पुरतं. ओळखीतल्या एका माणसाने घोडी अंगाला लागावी म्हणून चार दिवस ब्रॉयलरचं खाद्य घातलं, पाचव्या दिवशी घोडी घामाने निथळत उभी, पाय लटपटताहेत, आम्ही पोचलो तेव्हा बसली होती ती उठलीच नाही. वरातीची कमावती घोडी, लग्नसराई तोंडावर. यावर उतारा नाही.

कांद्याचंही सांगतो कारण तुमच्या शेजारी कांदा साठवायची चाळ आहे असं लिहिलंय. भाव पडले की चाळीतला सडका कांदा बांधावर टाकतात आणि जनावरं खातात. घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्याने फुटतात, लघवी कॉफीसारखी होते. तिला मोकळी सोडाल त्या बाजूला कांद्याचा ढीग आणि टोमॅटोची उपटलेली झाडं नाहीत हे बघून घ्या.

आणि मोकळी सोडाच. खुराक बरोबर केला आणि दिवसभर दोन पायांना दोरी लावून ठेवली तर हाड बनत नाही, हाड चालण्याने बनतं. गुडघे गरम असतील तोपर्यंत डॉक्टर सांगतील तेवढंच, नंतर रोज चार-पाच तास वाड्यात किंवा मळ्यात, तिची ती फिरू दे. गोल गोल दोरीवर पळवणं नको. नाचकाम शिकवणाऱ्याचा नंबर तुम्ही मागितलाय, तो मी देणार नाही, तीन वर्षांची होऊ दे मग बोलू. दीड वर्षाचं पोर ढोलावर मागच्या पायावर उभं करून पाच वर्षांत लंगडं झालेलं मी बघितलंय, एक नाही, आठ-दहा बघितलीत.

दर पंधरा दिवसांनी त्याच वाराला, त्याच वेळेला, पाणी पाजायच्या आधी टेप लावा आणि वहीत लिहा. आठवड्याला अडीच ते तीन किलो वाढ चांगली. पाच-सहा किलो दिसली तर खूश होऊ नका, ओट २०० ग्रॅम कमी करा. बरगडी डोळ्याला दिसू नये पण हात फिरवला की बोटाला लागावी. गुडघ्यावर रोज एकाच जागी पंजा ठेवून बघा, डावा-उजवा. सूज पटकन जाणार नाही, दीड-दोन महिने धरा, पण गरमपणा आणि दुखणं त्याच्या आधी कमी झालं पाहिजे. तीन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा पायाचा सांधा पुढे वाकायला लागला, टाचेवर भार न देता टोकावर उभी राहायला लागली, तर वाट न बघता डॉक्टर, आणि गरज पडली तर मुंबईला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा.

नालबंदालाही बोलवा, महिन्या-सव्वा महिन्याला खूर घासून सपाट करून जाऊ दे, नाल आत्ता नको.

उद्यापासून नेपियर गाईंना, घास १ किलोने सुरू, कोंड्यातला पहिला पाव किलो कमी. ओटचं पोतं एकट्याला जड जात असेल तर सांगा, माझं पुढच्या आठवड्यात पुण्याहून येतंय, तुमचं त्यातच मागवून ठेवतो, आडगाव नाक्यावरून घेऊन जा.